आडवा हात

"पान कोरं दिसलं की वाढायचं. विचारत बसायचं नाही. लाजेपायी माणूस नको म्हणते, अन् अर्धपोटी उठून जाते."

सत्यभामाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी सोजराबाईंनी वाढायला पळी उचलली की सासूचा हा आवाज कानाशी हजर व्हायचा. जळगाव जामोदच्या मोटारस्टँडमागची ती खाणावळ सासूनंच उभी केलेली. पाट तिचे, पितळी ताटं तिची, आणि भिंतीवरची 'पानात टाकू नये' ही पाटीही तिनंच रंगवून घेतलेली. सोजराबाईंनी त्यात भर घातली ती एका व्रताची. चातुर्मासात रोज परगावचा एक माणूस आपल्या हातानं जेवू घालायचा आणि तो तृप्त होऊन उठलेला डोळ्यांनी पाहिला की मगच आपलं पान मांडायचं. नेम असा, की पाहुणा जेवणानं दुखावून उठला, तर तोच माणूस पुन्हा समाधानानं जेवेपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. बारा वर्षांचा वसा. अकरा वर्षं निर्वेध पार पडली होती, कार्तिकात उद्यापन करायचं होतं. मोटारस्टँडपाशी परगावच्या माणसांना तोटा नव्हता, आणि सोजराबाईंच्या हातचं जेवून दुखावणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तो जन्मला होता, पण फार लांब. हंगेरीत.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. रंगरावशेठनी आपल्या तेलाच्या गिरणीत परदेशी यंत्र आणलं, आणि ते बसवून द्यायला यंत्रासोबत एक साहेब आला. उंच, रुंद, उन्हानं लाल झालेला, पण बोलण्यात मऊ. मुक्काम डाकबंगल्यात. तिथला खानसामा नेमका तेव्हाच रजेवर, म्हणून जेवण सोजराबाईंकडे ठरलं. आता साहेबाशी बोलणार कोण, असा प्रश्न गावाला पडायच्या आधीच महादेवराव उभे राहिले.

महादेवरावांची ओळख करून देणं भाग आहे, कारण ते स्वतः करून देत ती फारशी खरी नव्हती. आपण नागपुरास इंटरपर्यंत शिकलो असं ते सांगत. नागपुरास ते गेले होते हे खरं, पुढचं नागपूरलाच ठाऊक. त्यांचा एक काळा कोट होता. मध्यप्रदेश गेला, मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र आला, पण कोट तोच राहिला. कुणाची तार वाचून दाखव, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाच, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. एकदा त्यांनी वाचलेल्या तारेवरून एका घरात रडारड झाली, आणि ज्याच्यासाठी ती झाली तो संध्याकाळच्या मोटारीतून पिशवी घेऊन उतरला. "तारमास्तराचं अक्षर वाईट," असा निकाल महादेवरावांनी दिला. तार टंकलेली होती हे गावाला माहीत नव्हतं. गावानं निकाल मान्य केला.

तर असे हे महादेवराव साहेबाचे दुभाषे झाले आणि दोन्ही वेळच्या पंगतीला साहेबाशेजारी पाट टाकून बसू लागले. दुभाष्याला उपाशी कसं ठेवायचं?

पहिल्याच दिवशी साहेबाला मांडी घालता येईना. कसाबसा एक पाय दुमडून, दुसरा लांब करून तो बसला. सोजराबाईंनी वरणभात, दोडक्याची भाजी, मुगाची उसळ, ज्वारीची भाकर वाढली. साहेबानं सगळ्यांकडे बघून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणून राह्यला साहेब?" भाकरी थापता थापता पुष्पाबाईंनी विचारलं. पुष्पाबाई खाणावळीत स्वयंपाकाला मदतीला होत्या आणि त्यांच्या जिभेला धार होती.

"अन्नाची प्रशंसा करीत आहेत," महादेवराव म्हणाले. सुरुवातीला ते असे पुस्तकातलं बोलत. पोटात भूक उसळली की वऱ्हाडीवर येत.

"एवढ्या लवकर? अजून घास नाही घातला तोंडात."

"वासावरून. लंडनच्या लोकाईचं नाक तेज असते."

"हा लंडनचा नाही, हंगेरीचा आहे म्हणतात गिरणीतले."

"हंगेरी म्हणजे लंडनच्या पलीकडलंच स्टेशन आहे, पुष्पाबाई. तुम्ही भाकरीकडं पहा."

साहेब जेवला. ताटातलं शीत न् शीत टिपून घेतलं, वाटी बोटानं पुसली, आणि ताट कोरं झालं. सोजराबाईंच्या कानाशी आवाज आला, पळी उचलली गेली. साहेबानं ताटावर हात आडवा धरला.

आता यात समजायचं काय होतं? पंगतीला बसलेला कोण माणूस हात आडवा धरत नाही? जो धरत नाही त्याला आपण हावरट म्हणतो. आणि जी तो हात हळूच चुकवून, मनगटाच्या पलीकडून भाताची मूद सोडते, तिला आपण अगत्याची म्हणतो. सोजराबाईंनी मूद सोडली, वर तुपाची धार धरली. साहेब ताटाकडे पाहत राहिला, मग त्यांच्याकडे, मग महादेवरावांकडे. त्यानं एक लांबलचक वाक्य म्हटलं.

"येस, येस," महादेवराव म्हणाले.

"काय म्हणते?"

"अजून वाढा म्हणतात. अन् मलेही थोडं."

साहेबानं तेही ताट पुसून कोरं केलं. ताट पुन्हा भरलं. ते त्यानं पुन्हा कोरं केलं. गाव दाराशी उभं राहून पाहत होतं. साहेबाला सोजराबाईंचं जेवण किती गोड लागलं, याची चर्चा संध्याकाळपर्यंत बाजारात होती, आणि सोजराबाईंनी त्या दिवशी तुळशीपुढं दिवा लावताना देवाचे आभार मानले. एवढं त्यांचंही चुकलंच म्हणायचं. आभार मानण्याआधी एकदा त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायला हवं होतं.

असं आठ दिवस चाललं. रोज साहेब वाक्यं बोलायचा, रोज महादेवराव त्यांचं मराठी करायचे, आणि साहेबाचं कुठलंही वाक्य असो, त्याचं मराठी 'अजून वाढा' असंच व्हायचं. त्या आठ दिवसांत महादेवरावांच्या कोटाचं खालचं बटण लागेनासं झालं.

मग पोळा आला. बैल सजून मिरवले, साहेबही गिरणीच्या दारात उभा राहून बघत होता. सणाचं पान. सोजराबाईंनी पुरण वाटलं, कुरडया तळल्या, तुपाची कासंडी जवळ घेतली. साहेबानं दोन पोळ्या मनापासून खाल्ल्या. तिसरी खाल्ली. चौथीला हात आडवा धरला. पाचवीला दोन्ही हात धरले. सहावीला तो दोन्ही हात जोडून काही बोलू लागला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गहिवरले," महादेवराव तोंडातला घास न गिळताच म्हणाले. "घरची याद आली असन. वाढा, वाढा, सणाचा दिवस आहे."

आठवी पोळी संपवून साहेब उठला. त्याचा लाल चेहरा पांढरा पडला होता. दारापर्यंत तो नीट चालत गेला, बाहेरच्या लिंबाच्या झाडाला त्यानं हात टेकला, आणि आठही पोळ्या आल्या वाटेनं परत गेल्या. मोटारीची वाट बघत बसलेल्या साऱ्यांनी ते पाहिलं. साहेब तोंड धुऊन मागं वळला, सोजराबाईंकडे बघून काहीतरी हळू बोलला आणि डाकबंगल्याकडे निघून गेला.

सोजराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय म्हणाले जाताना?"

महादेवरावांनी विचार केला. "म्हणाले, बैलांचा सण लय आवडला."

दुसऱ्या दिवशी साहेब आला नाही. सोजराबाईंनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि आपलं पान मांडलं नाही. पेलाभर दूध घेऊन त्या पोथी वाचत बसल्या. तिसऱ्या प्रहरी महादेवराव एकटेच आले आणि पाटावर बसले.

"साहेब?"

"रागावले. तेच सांगायले आलो. वाढा, सांगतो." दोन भाकरी होईपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, "त्यांचं म्हणणं असं की, अगत्य कमी पडलं."

"अगत्य?" पुष्पाबाई चुलीपासून उठल्याच. "अजून कुठून आणायचं अगत्य? त्या माणसाच्या नाकातून पुरण बाहेर आलं."

"तुम्हाला त्या लोकांचे रिवाज ठाऊक नाहीत, पुष्पाबाई. त्यांच्याकडं उलटी म्हणजे पसंती."

"मग तुम्ही काऊन नाही करत कधी? रोज तं इथंच पसंत पडते तुमाले."

 सोजराबाईंचं मन एकाच गोष्टीला धरून बसलं होतं. परगावचा माणूस आपल्या पानावरून दुखावून उठला आणि अकरा वर्षांचा वसा अधांतरी लोंबकळला. "तुमी त्याहीले डबा न्या," त्या हळूच म्हणाल्या. "माह्याकडून माफी मागा."

"नेतो नं. मोठा डबा द्या. अगत्य दिसलं पाहिजे."

चार पुडांचा डबा गेला आणि संध्याकाळी चाटूनपुसून परत आला. साहेब काय म्हणाले? अजून पाहिजे होतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोजराबाईंनी पाच पुडांचा डबा भरला. तोही तसाच परत आला. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नेम सुटत नव्हता, म्हणून त्या दुधापाण्यावरच होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीपुढून उठताना त्यांना अंधारी आली, तेव्हा पुष्पाबाई म्हणाल्या, "देवाले समजते वं बाई सगळं. खा दोन घास." सोजराबाईंनी मान हलवली. व्रत देवासाठी असतं असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. ते मोडलं तर आपलं आपल्यालाच तोंड दाखवता येत नाही, हे व्रत करणारीलाच कळतं.

त्याच दुपारी गिरणीतला हैदर मिस्त्री दारात आला. मध्यमवयाचा, तेलकट हातांचा माणूस, यंत्रावर साहेबाच्या हाताखाली काम करणारा. आत न येता उंबऱ्यापाशीच म्हणाला, "बाई, दोन भाकरी मिळतीन का? कोरड्याच द्या. वर काही नको. साहेबासाठी पाहिजेत."

"साहेबासाठी?" सोजराबाई म्हणाल्या. "सकाळी पाच पुडांचा डबा गेला नं, हैदरभाऊ."

"कुठी गेला?"

"महादेवराव घेऊन गेले."

 हैदरनं दाढी खाजवली. "डाकबंगल्यात तं काही आलं नाही. तीन दिवसांपासून तो केळांवर आहे. काल माह्या डब्यातली अर्धी भाकर देल्ली त्याले. आज शरम वाटली मले, म्हणून आलो."

चुलीशी पुष्पाबाई हसायला लागल्या. "पाच पुडं. अन् तरी त्या मेल्याची पोटदुखी कशी नाही ऐकू आली गावाले."

सोजराबाईंना हसू आलं नाही. "मग साहेब इथी काऊन येत नाही? रागावला का?"

"रागावला नाही. भ्याला." हैदरनं आपल्या पोटावर हात ठेवला, मग हवेत एक ढीग दाखवला, तो खाल्ल्यासारखा केला, आणि पुन्हा तेवढाच ढीग दाखवला. "असं करून दाखवते तो. ताट रिकामं केलं की भरते, अन् भरलं की रिकामं करा लागते. सुटका कशी करावी ते त्याले समजेना."

"थोडं टाकायचं पानात," पुष्पाबाई म्हणाल्या.

"टाकत नाही तो. काल भाकरीचा तुकडा खाली पडला, तर बोटानं टिपून खाल्ला. लढाईच्या दिवसांत उपास पाहिलेला माणूस असन."

सोजराबाईंची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. इतक्या वर्षांत गावातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्या पाटीखाली बसून पानात टाकलं होतं. पाटी मनापासून पाळणारा एकच निघाला, आणि त्याला ती वाचता येत नव्हती.

"पण हैदरभाऊ, तुमाले त्याची भाषा येते?"

"नाही बा. त्याले माही येत नाही, मले त्याची येत नाही. विंग्रजीही त्याले तितकीच येते, जितकी महादेवरावाले येते." हैदर पहिल्यांदाच हसला. "पण यंत्राजवळ भाषा कुठी लागते? बोट वर केलं की सोडा. मूठ वळली की आवळा. अन् हात असा आडवा धरला," त्यानं तेलकट पंजा हवेत सपाट धरला, "की बंद. तिथंच बंद. पहिल्या दिवशी त्यानं हात आडवा केला, तरी म्या म्हटलं अजून थोडा फिरू द्या पट्टा." त्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं. नख काळंनिळं पडून अर्धं उचकटलं होतं. "तवापासून त्याचा हात आडवा झाला की माह्या हात आपोआप थांबते."

सोजराबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. आडवा हात. आठ दिवस, दोन्ही वेळा, तो माणूस त्यांच्यापुढं स्पष्ट बोलत होता, आणि त्या मनगट चुकवून भात सोडत होत्या. दुभाष्याची गरजच काय होती? आणि हा एकटाच कशाला? अकरा वर्षांत आपण असे किती हात बाजूला सारले असतील? तृप्त होऊन उठले म्हणून आपण मोजले, त्यांतले किती नुसते सुटका करून घेऊन मोटारीत बसले असतील? महादेवराव निदान स्वतःच्या पोटासाठी खोटं बोलत होते. आपण तर पुण्यासाठी बहिऱ्या झालो होतो.

"साहेब जाणार कवा?"

"उद्या दुपारच्या मोटारीनं, नांदुऱ्याले. तिथून गाडी."

सोजराबाईंनी एक रिकामं ताट घेतलं, हैदरपुढं जमिनीवर ठेवलं. उजव्या हातात पळी धरली. डावा हात स्वतःच ताटावर आडवा धरला, आणि पळी खाली ठेवली. "त्याले असं दाखवा. उद्या सकाळी मी येतो म्हणा डबा घेऊन. त्याचा हात आडवा झाला की माह्या हात थांबीन. वचन दिलं म्हणा."

"सांगतो," हैदर म्हणाला, आणि ताटावर एकदा हात आडवा धरून बघितला, नीट आठवणीत राहावं म्हणून. मग दोन कोरड्या भाकरी फडक्यात बांधून तो गेला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास महादेवराव कोट झटकत आले. "डबा भरला का? साहेबाचा आज शेवटचा दिवस. मोठाच द्या. पण त्याआधी मले थोडं…"

"बसा," सोजराबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, तुळशीशी बोलावं तसा.

त्यांनी वाढलं. महादेवराव जेवले. ताट कोरं झालं, सोजराबाईंनी भरलं. ते खूश झाले. ताट पुन्हा कोरं झालं, पुन्हा भरलं. चौथ्या वेळी महादेवरावांनी हात आडवा धरला. सोजराबाईंनी मनगट चुकवून भाताची मूद सोडली.

"बस्स झालं, सोजराबाई."

"काय म्हणून राह्यले, पुष्पाबाई?"

"अजून वाढा म्हणतात," पुष्पाबाई चुलीपासून म्हणाल्या. "जेवणाची प्रशंसा करीत आहेत."

दोन भाकरी पडल्या. उसळीची वाटी काठोकाठ झाली. महादेवरावांनी दोन्ही हात ताटावर धरले, तेव्हा तूप बोटांच्या फटींतून खाली उतरलं.

"अवं बाई, पोट फुटन माहं."

"काल साहेबानं पाच पुडं खाल्ले," सोजराबाई म्हणाल्या, "अन् तरी त्याले अजून पाहिजे होतं, तुमीच सांगितलं. परवाही तसंच. तवा तुमी त्याहीच्या वतीनं खाल्लं, आताही त्याहीच्या वतीनं खा. साहेब आज चालला, त्याच्या नावचं उरलं नाही पाहिजे."

महादेवरावांनी वर पाहिलं. काय कळायचं ते कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. इंग्रजी आलं नाही आणि मराठीही आलं नाही. त्यांनी उठायला एक गुडघा टेकला.

"पाटी वाचा," सोजराबाई म्हणाल्या. "मराठीतच आहे."

महादेवरावांनी पाटी वाचली. दारात मोटारीचे दोन उतारू जेवणासाठी येऊन उभे होते, तेही वाचत होते. महादेवराव परत मांडी घालून बसले आणि भाताच्या ढिगात त्यांनी बोटं घातली.

"पुष्पाबाई," सोजराबाई म्हणाल्या, "यांचं संपेपर्यंत समोर बसा. कोरं दिसलं तर तुमची मर्जी."

मग त्यांनी चुलीमागचा लहान डबा उचलला. त्यात दोन भाकरी होत्या, पातळ वरण, थोडा भात आणि दोडक्याची भाजी. एका माणसाला पुरेल इतकंच. देव्हाऱ्यापुढं त्या क्षणभर थांबल्या. चार दिवसांच्या दुधापाण्यानं पाय हलके पडत होते, म्हणून भिंतीचा आधार घेत त्यांनी चपला घातल्या. रोजच्या सवयीनं पळीकडे हात गेला. त्यांनी ती उचलली, बघितली, आणि परत खुंटीला अडकवली. साहेब आपल्या हातानं घेईल, लागेल तेवढं.

मागच्या दारानं, कुणाला हाक न मारता, डबा पदराखाली धरून त्या डाकबंगल्याच्या वाटेला लागल्या.